मीठ-हळद लावलेली स्वादुपिंडं

माझ्या बापानं एकदा आमच्या प्रयोगशाळेत बकऱ्यांची एकवीस स्वादुपिंडं आणली. मीठ-हळद चोळून, ॲल्युमिनियमच्या किटलीत घालून, किटलीच्या तोंडाला ओलं फडकं बांधून. आटपाडीहून साताऱ्यापर्यंत एसटीनं, चैत्राच्या उन्हात, किटली मांडीवर धरून ते आले. विट्याच्या पुढं कंडक्टरनं विचारलं, "आजोबा, वास कशाचा ओ?" आप्पा म्हणाले, "लेकीचं औषध हाय." त्यावर शेजारची बाई उठून मागं गेली आणि आप्पांना साताऱ्यापर्यंत ऐसपैस जागा मिळाली. हे त्यांनीच मला मोठ्या कौतुकानं सांगितलं.

ही गोष्ट मी बऱ्याच जणांना हसत हसत सांगितली आहे. किटली उघडल्यावर मी आप्पांना काय म्हणाले, ते मात्र सहसा सांगत नाही. आज सांगते. पण आधी माझं दुखणं सांगायला हवं, नाहीतर बकऱ्यांचा आणि माझा संबंध कळायचा नाही.

मला दहाव्या वर्षी मधुमेह झाला. पोट सुटलेल्या साहेबलोकांना होतो तो नव्हे, दुसरा. लहान पोरांना होणारा. आपल्या पोटात, जठराच्या मागं स्वादुपिंड नावाची एक पट्टी असते आणि तिच्यात इन्शुलिन करणाऱ्या पेशींची बारीक बारीक बेटं असतात. जंतूंशी लढायला म्हणून अंगात जी फौज ठेवलेली असते, ती एखाद्याची अचानक फिरते आणि या बेटांनाच शत्रू समजून मारत सुटते. आपलेच दात, आपलेच ओठ. आमच्याकडं घरटी एक माणूस मिलिटरीत, त्यामुळं फौजेला नावं ठेवायची पद्धत नाही. पण माझ्या फौजेनं सगळी बेटं संपवली आणि मला जन्माची सुई लावून दिली, दिवसातून चार वेळा.

गावाला हे पटलं नाही. "एवढ्याशा पोरीला साखर?" म्हणून जो तो आईकडं संशयानं बघायचा, जणू तिनं मला गुळाच्या ढेपेवरच वाढवलं होतं. कुणी कारलं सांगितलं, कुणी कडुनिंब. एका म्हातारीनं सुई टोचायच्या जागी बिरोबाचा भंडारा लावायला सांगितलं. आईनं सगळं केलं. दोन वर्षं मी पिवळी आणि कडू होते.

आम्ही धनगर. दिवाळी झाली की आप्पांचा कळप आटपाडीच्या माळावरून निघायचा आणि कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात यायचा. ऊस तुटलेल्या रानात शेतकरी मेंढ्या बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं म्हणून. आज या रानात मुक्काम, चार दिवसांनी त्या रानात. मिरजेच्या डॉक्टरांनी औषध फ्रीजमध्ये ठेवायला सांगितलं तेव्हा आप्पांनी गंभीरपणे विचारलं, "घोड्यावर बसंल एवढा मिळतोय का?" शेवटी आईनं एका गाडग्यात दुसरं गाडगं ठेवलं, मध्ये ओली वाळू भरली आणि आत माझ्या बाटल्या ठेवल्या. ते गाडगं घोड्याच्या पाठीवर सगळ्या संसाराच्या वर, देवाच्या गाठोड्याशेजारी बांधलेलं असायचं. देव दोन-तीनदा खाली पडले. गाडगं एकदाही पडलं नाही.

डॉक्टरांनी आणखी एक बजावलं होतं. सुईनं साखर फार खाली गेली तर पोरगी झोपेतच बेशुद्ध होईल, म्हणून सकाळी ती नीट उठते का ते रोज बघत जा. आप्पांनी हे काम आपल्या पद्धतीनं अंगावर घेतलं. दिवस उगवायला ते वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवतीचं जाळं, सोडायचे आणि मेंढ्या मोजायचे. आमच्यात मेंढरं विसांनी मोजतात. एक इसा, दोन इसा, असं करत ते माझ्या वाकळेपाशी यायचे, काठी बगलेत मारायचे आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "सात इसा... आन ही एक. उठली का?" मी डोळे उघडून काही धड बोलले की मोजणी संपली. घामानं भिजलेली असले किंवा भलतंच बरळले की तोंडात गुळाचा खडा.

आपल्याला मेंढरांत मोजतात, याचा मला तेव्हा भयंकर राग यायचा. एकदा मी तसं तोंडावर सांगितलं.

"मंग काय मानसांत मोजू?" आप्पा म्हणाले. "मानसं रोज कोन मोजतंय?"

पुढं मी शिकायला विट्याच्या वसतिगृहात गेले, तिथून कोल्हापुरात. आप्पांनी मोबाइल घेतला तो या मोजणीसाठीच. सकाळी सहाला फोन. ते आपला आकडा सांगणार, "सात इसा, चार, आन ही एक. उठली का?" मी बोट टोचून माझा आकडा सांगणार, "एकशेवीस." आकडा बरा असला की "बरं हाय" आणि फोन बंद. बाकी चौकशी नाही, ख्यालीखुशाली नाही. मैत्रिणींना वाटायचं, माझ्या घरचे सट्टा खेळतात.

नोकरी लागली ती साताऱ्यात, एका कॉलेजच्या मागच्या इमारतीतल्या छोट्या प्रयोगशाळेत. काम काय, तर बुंदी पाडायची. थट्टा नाही. समुद्रातल्या शेवाळापासून एक पदार्थ काढतात, अल्जिनेट. पाण्यात कालवला की कपड्यांच्या खळीसारखा होतो. त्यात उंदराच्या स्वादुपिंडातली जिवंत बेटं मिसळायची आणि सुईतून थेंब थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडायचं. थेंब पडला की जागच्या जागी थिजतो आणि त्याची मऊ, आरपार दिसणारी गोळी होते, आत बेट. ही गोळी मधुमेही उंदराच्या पोटात ठेवायची. तिच्या भिंतीला इतकी बारीक छिद्रं असतात की साखर आत जाते, इन्शुलिन बाहेर येतं, पण फौजेला आत शिरता येत नाही. जिला जन्मभर बुंदी खायला बंदी, तिच्या हातात दैवानं झारा दिला. मी तक्रार करत नाही, काम मला आवडतं.

अडचण एवढीच, की फौज मूर्ख नाही. आत जाता येत नाही म्हटल्यावर ती गोळीच्या बाहेर ठाण मांडते आणि तिच्याभोवती चिवट पापुद्रा चढवते. मारत नाही, वाळीत टाकते. आतल्या बेटांना हवा मिळत नाही आणि ती गुदमरून मरतात. म्हणून मग गोळीला वरून दुसरा लेप लाव, लेपात औषध घाल, गोळी मोठी कर, लहान कर, असं आम्ही आणि जगभरातले आमच्यापेक्षा हुशार लोक वर्षानुवर्षं करत आलो आहोत. उंदीर उघडून ती पांढरी पडलेली गोळी चिमट्यानं बाहेर काढताना मला दर वेळी राग येतो. बाकीच्यांसाठी तो एका उंदराचा निकाल असतो. मला त्यात माझं पोट दिसतं.

आप्पांना मी यातलं निम्मंच सांगितलं होतं. बेत सांगितला, अडचण सांगितली नाही. नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी विचारलं, "मंग तुझी सुई कवा सुटंल?" मी ऐटीत म्हणाले, "पाच वर्षांत." पुढारी आणि शास्त्रज्ञ पाचच वर्षं का मागतात कोण जाणे. पाचाची सात झाली, तरी आप्पांनी एकदाही टोकलं नाही. पी हळद आणि हो गोरी, असला त्यांचा स्वभावच नाही. मेंढीमागं आयुष्य काढलेला माणूस वाट बघायला कंटाळत नाही.

एकदा बोलता बोलता मी म्हणाले, की परदेशात माणसांसाठी डुकराच्या पेशी वापरून बघतात. आप्पा एकदम उखडले.

"डुकराचं चालतंय? उंदराचं चालतंय? आन आमची शेरडं-मेंढरं काय मेली व्हती व्हय?"

"आवं आप्पा, बघतील की पुढंमागं," म्हणून मी विषय टाळला आणि विसरले. आप्पा विसरले नाहीत. गावच्या जत्रेला एकवीस बकरी पडली. आप्पा सकाळपासून खाटकाशेजारी पाय पसरून बसले आणि प्रत्येक बकऱ्याची, एरवी कुत्र्यांपुढं पडणारी ती फिकट पट्टी मागून घेतली. पाहुणे मटणाची वाट बघत होते, हे भलतंच गोळा करत होते. आणि मग मांस टिकवायचं म्हटलं की आमच्या घरात सात पिढ्या जे करत आल्या, ते त्यांनी मनापासून, कुठं कोपरा सुटू न देता केलं.

जिवंत पेशींना मीठ-हळद. आमच्याकडं बेटं बाहेर काढली की पाण्याची ऊब एक अंशानं इकडंतिकडं झाली तरी मॅडमच्या तोंडचं पाणी पळतं. मॅडम म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, पुण्याच्या, कांदासुद्धा विचार करून खाणाऱ्या. आप्पांनी त्यांच्याच टेबलावर किटली ठेवली आणि फडकं सोडलं. खोलीत जो वास पसरला त्याचं वर्णन करत नाही. मॅडमनी नाकाला रुमाल लावला नाही, त्यांनी श्वास घेणंच थांबवलं. तशाच अवस्थेत म्हणाल्या, "किती निगुतीनं ठेवलंय हो." आणि चहा सांगायच्या निमित्तानं बाहेर गेल्या.

"येकबी नासल्यालं न्हाई," आप्पा मला म्हणाले. "बघ की. एकवीस हाईत. फुडच्या जत्रंला आनखी आनतो."

त्यांचं धोतर मांडीपाशी हळदीनं पिवळं झालं होतं. डोळ्यांत असा आनंद होता, की मी दहा वर्षांची झाले. मी म्हणायला हवं होतं, आप्पा, मिठानं हे सगळं मेलंय आणि मीठ लावलं नसतं तरी ते उपयोगाचं नव्हतं. मी म्हणाले, "चांगली हायत. वापरू." आठवड्यानं त्यांनी फोनवर विचारलं तेव्हा म्हणाले, "वापरली. झकास निघाली." प्रत्यक्षात मी ती त्याच दिवशी इमारतीमागं, कडुनिंबाखाली पुरली होती आणि दुसऱ्या दिवशी कुत्र्यांनी उकरून फस्त केली होती. शेवटी कुत्र्यांचं कुत्र्यांना मिळालं.

एका खोट्यानं फार काही बिघडत नाही, असं मला वाटलं. बिघडलं ते मेंढ्यांच्या बाबतीत. आप्पांचे गुडघे गेलेत. दोन काठ्या घेऊन चालतात, बसले की उठवावं लागतं. माझा भाऊ, दादा, कोइमतूरला सोनं गाळायच्या दुकानात आहे. आमच्या भागातली निम्मी पोरं तिकडंच सापडतात. तो दोन वर्षांपासून कानीकपाळी ओरडत होता, की कळप विका आणि घरी बसा. आप्पा कुरकुरत का होईना, तयार व्हायला लागले होते. माझ्या "झकास निघाली"नंतर त्यांनी साफ सांगून टाकलं, "आता इकायचा सवालच न्हाई. लेकीच्या औषधाला लागत्यात." एवढंच नाही, कळपातल्या नऊ उत्तम मेंढ्यांच्या पाठीवर त्यांनी निळ्या रंगाचा ठिपका दिला. त्या माझ्या. कुणी कितीही मागो, त्या द्यायच्या नाहीत.

दिवाळीनंतर ते दोन काठ्या, एक घोडं, आई आणि सात विसा मेंढ्या घेऊन पुन्हा कृष्णाकाठाला निघाले.

पौषात एका दुपारी आईचा फोन आला. कराडजवळच्या मुक्कामावरून.

"आप्पा पाटाच्या कडंला पडलं व्हतं. दोन तास. कुत्रं भुकून भुकून मानसं आली तवा सापडलं."

मी विचारलं, लागलंय का. तिनं सांगितलं, खरचटलंय, बरे आहेत, आत्ताच मेंढ्यांवर खेकसत होते. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू खोटं बोललीस न्हवं? बकऱ्याचं वापरलं म्हनून?"

मी फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात गेले, तोवर तीच पुढं बोलायला लागली.

"मला तवाच कळलंय. मिठात घातल्यालं जित्तं ऱ्हातंय व्हय गं? लोनचं घालणाऱ्या बाईला ठावं असतंय त्ये. म्या म्हनलं, लेकीचं आन बापाचं चाललंय, आपुन कशाला मधी पडा. पर आता ये आन खरं सांग. न्हाईतर तुझ्या औषधापायी ह्ये रानातच मरतील."

रविवारी सकाळी मी कराडची एसटी धरली. वाटेत वाक्यं जुळवत होते. एकही धड जमलं नाही.

रान एका निवृत्त सुभेदारांचं होतं. बांधावर खुर्ची टाकून ते मेंढ्यांवर असे नजर ठेवून होते, जणू परेड चालू आहे. त्यांच्या पलीकडं आप्पा जमिनीवर बसले होते, पाय लांब करून, हातात छोटी सुरी. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही. "बरं झालं, आलीस," म्हणाले. "धर हिला."

एका मेंढीचं कोकरू त्या पहाटे मेलेलं जन्मलं होतं. दुसरी एक मेंढी आदल्या दिवशी कोकरू मागं ठेवून मेली होती. एकीला दूध होतं, एकाला भूक होती, पण मेंढी परक्याला पाजत नाही. शेपटीपाशी वास घेते आणि लाथ मारते. आप्पांनी मेलेल्या कोकराचं कातडं बंडीसारखं अखंड सोलून काढलं होतं. चार भोकांतून पोरक्या कोकराचे चार पाय बाहेर काढून त्यांनी ते त्याच्या अंगावर चढवलं आणि त्याला मेंढीपुढं सोडलं. मेंढीनं वास घेतला. पुन्हा घेतला. कोकरानं ढुशी मारली आणि ती उभी राहिली. आप्पा समाधानानं हुंकारले.

हे मी लहानपणी पन्नास वेळा बघितलं होतं. सात वर्षं पगार घेऊन मी हेच करत होते आणि एकदाही मला हे आठवलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

"आप्पा," मी म्हणाले, "आमी बी ह्येच करतो. परक्या पेशींना कातडं घालतो."

"मंग? पाजतंय का?"

"थोडं दिस पाजतंय. मग वळखतंय आन बाजूला टाकतंय."

आप्पांनी सुरी गवताला पुसली. मी जुळवलेली सगळी वाक्यं विसरले आणि जे तोंडाला येईल ते बोलत सुटले. की मिठानं सगळं मेलं होतं. की आम्ही शेरडा-मेंढरांचं काहीच वापरत नाही, उंदरांचं वापरतो आणि त्यातही हरतो. की पाच वर्षं हे मी ऐटीत ठोकून दिलं होतं. की निळ्या ठिपक्याच्या मेंढ्या कुणाला नको आहेत, त्या विका, सगळ्याच विका. मेंढी मधूनमधून माझ्याकडं बघत होती, पण दूध पाजायचं थांबली नाही.

आप्पांनी सुरी कमरेला खोचली. मग त्यांनी विचारलं, "किटलीतलं काय केलंस?"

"कडुनिंबाखाली पुरलं. कुत्र्यांनी उकरून खाल्लं."

"मंग कुत्र्यांची साखर उतरली का?"

मला हसू फुटलं आणि हसता हसता मी रडायला लागले. बांधावरच्या सुभेदारांनी शहाण्या माणसासारखी खुर्ची दुसरीकडं वळवली.

"हसतीस काय?" आप्पा आता चिडले होते. "खोटं कशापायी बोललीस?"

"तुमी एवढं एसटीनं घेऊन आलता म्हणून."

"खोटंच ऐकायचं असतं तर मोकळ्या हातानं आलो असतो की. किटली कशाला वागवली मांडीवर?" मग मेंढीकडं बघत म्हणाले, "माझ्या हयातीत न्हाई व्हायचं मंजी."

"न्हाई, आप्पा."

"तुझ्या?"

"सांगता येत न्हाई."

त्यांनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर राग राहिला नव्हता. मला तो राहिला असता तर बरं वाटलं असतं. "माझं येवढंच व्हतं," ते म्हणाले, "म्या जायच्या आदी तुझी सुई सुटावी. मंग सकाळी उठली का म्हनून इचारायला कोन नसलं तरी चालतंय."

तीस वर्षं ओलांडलेली बाई मी, स्वतःचं बोट स्वतः टोचते, स्वतःची सुई स्वतः घेते, आणि मला त्या क्षणी लख्ख कळलं की मला हा माणूस हवा आहे. औषध मिळो न मिळो, रोज सकाळी सहाला हा माणूस हवा आहे. तसं मी त्यांना म्हणाले नाही, आमच्या घरात असलं बोलत नाहीत. मी कोकराच्या अंगावरचं कातडं नीट केलं.

"ते हालवू नगंस," आप्पा म्हणाले. "चौथ्या दिशी म्याच काडनार हाय."

"मग मेंढी वळखंल की."

"न्हाई वळखत. तवर तिचं दूध ह्येच्या पोटात जातंय, लेंडीला तिचा वास येतुया. मंग कातड्याचं काम संपलं. जलमभर ठिवलं तर कोकरूच कुजंल त्यात."

सोमवारी मी हे मॅडमना जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, आप्पांच्या नावावर एखादा शोध लागतोय. मॅडम शांतपणे म्हणाल्या, की हो, काही दिवस फौजेची समजूत काढायची आणि मग विरघळून जायचं, अशा लेपावर बरेच लोक बरीच वर्षं काम करताहेत. म्हणजे आप्पा उशिरा पोचले होते. मग त्यांनी विचारलं, की तुमच्या वडिलांना तो चौथा दिवस कसा कळला, आणि 'लेंडी हुंगून' हे आप्पांचं उत्तर मी वहीत लिहून ठेवलं. आम्ही पुन्हा बुंदी पाडायला लागलो.

माघात आप्पांनी कळप विकला. मी रजा घेऊन गेले होते. व्यापारी टेम्पो घेऊन आला आणि एकेक मेंढी वर चढायला लागली. आप्पा दोन काठ्यांवर भार देऊन उभे होते. त्यांनी घासाघीस केली नाही, एकच अट घातली, की ती एक मेंढी आणि तिच्यामागचं ते कोकरू वेगळं करायचं नाही. कोकरू तोवर स्वतःच्याच कातड्यात उड्या मारत होतं आणि मेंढी त्याला शोधत टेम्पोभर ओरडत होती.

"ह्या नवांना निळा ठिपका कसला ओ?" व्यापाऱ्यानं विचारलं.

मी आप्पांकडं बघितलं.

"कायबी न्हाई," आप्पा म्हणाले. "रंग सांडला व्हता."

टेम्पो गेला. आईनं वाघर गुंडाळली, घोड्यावर संसार चढवला. गाडग्याची आता गरज नव्हती, पण तिनं ते होतं तिथंच, देवाच्या शेजारी बांधलं. संध्याकाळच्या एसटीनं मी साताऱ्याला परतले आणि ते दोघं आटपाडीच्या वाटेला लागले.

तिसऱ्या दिवशी ते घरी पोचले. वाटेत मोबाइल बंद पडला होता, तेवढे दिवस मोजणीचा फोन आला नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी सहाला फोन वाजला. मी अंथरुणातच उठून बसले होते, बोट टोचून झालं होतं, आकडा समोर होता. रोज फोनमागं ऐकू येणारं बें-बें नव्हतं, कुत्र्याचं भुंकणं नव्हतं. आप्पांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"आप्पा, आज किती?" सवयीनं माझ्या तोंडून गेलं आणि मी जीभ चावली.

पलीकडं काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. मग त्यांनी घसा साफ केला आणि रोजच्याच आवाजात मोजलं.

"ही एक," ते म्हणाले. "उठली का?"